पुस्तक महोत्सव पुरेपूर कसा अनुभवावा: मैदानावर आणि घरबसल्या

डिसेंबर उजाडला की मराठी वाचकांच्या घरोघरी पुस्तकांच्या याद्या निघू लागतात. पुण्यात फर्ग्युसन महाविद्यालयाच्या मैदानावर २०२३ पासून नॅशनल बुक ट्रस्टतर्फे भरणारा पुणे पुस्तक महोत्सव डिसेंबरच्या मध्यावर सुरू होतो. त्याच्या मागोमाग, बहुधा जानेवारी-फेब्रुवारीत, अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ग्रंथप्रदर्शन, जयपूरचा साहित्य महोत्सव, कोलकात्याचा पुस्तक मेळा आणि दिल्लीचा विश्व पुस्तक मेळा असा हंगामच लागतो. यांतील पुष्कळशी व्याख्याने आणि मुलाखती आता घरबसल्या पाहता येतात, त्यामुळे महोत्सवाला प्रत्यक्ष जायचे ते नेमके कशासाठी आणि घरी बसून पाहायचे ते काय, हे आधी ठरवणे गरजेचे झाले आहे.

माझ्यापुरते याचे उत्तर ठरलेले आहे. भाषण घरी बसून नीट ऐकता येते आणि ज्या पुस्तकाचे नाव माहीत आहे ते घरपोच मागवता येते. संकेतस्थळावरील शोधचौकटीत मात्र आपण जे टाइप करतो त्याच्या आसपासचेच काय ते समोर येते. ज्या पुस्तकाचे अस्तित्वच आपल्याला ठाऊक नाही, ते हाती लागण्यासाठी हजारो पुस्तके मांडलेल्या टेबलांमधून चालत जावे लागते. म्हणून प्रत्यक्ष भेटीचा वेळ अनोळखी पुस्तकांसाठी राखून ठेवावा आणि बाकीचे बरेचसे काम ऑनलाइन उरकावे. पुढील सर्व सूचना या एका विचाराभोवती बांधलेल्या आहेत.

दोन आठवडे आधी: यादी आणि पैसे

सर्वप्रथम आपल्या घरातील कपाटांची मोबाइलवर छायाचित्रे काढून ठेवावीत. प्रत्येक खण वेगळा आणि पुस्तकांच्या कण्यावरील नावे वाचता येतील इतक्या जवळून टिपावा. गर्दीत एखादे पुस्तक हातात घेतल्यावर ‘हे आपल्याकडे आहे का’ या प्रश्नाचे उत्तर स्मरणशक्ती देत नाही. विशेषतः कथासंग्रह आणि ललित लेखसंग्रह यांच्या बाबतीत हमखास घोटाळा होतो. बहुखंडी ग्रंथांचे किंवा संचांचे कोणते खंड घरात आहेत, हेही त्या छायाचित्रांवरून तपासता येते.

त्यानंतर दोन याद्या कराव्यात. पहिली नेहमीची, म्हणजे हव्या असलेल्या पुस्तकांची. ती दहा नावांच्या पुढे जाऊ देऊ नये. दुसरी यादी विषयांची करावी आणि तीच जास्त उपयोगी पडते. ‘इतिहास’ किंवा ‘विज्ञान’ असे ढोबळ विषय तिच्यात लिहून काही साधत नाही. ‘कोकणातील गावऱ्हाटी’, ‘नाट्यसंगीताची जडणघडण’, ‘गिरणगावातील आठवणी’, ‘दुष्काळ आणि रोजगार हमी’, ‘पक्षीनिरीक्षणाची प्राथमिक ओळख’ असे नेमके विषय लिहावेत. दालनावरील माणसाला असा विषय सांगितला की तो लगेच एखाद्या खणाकडे वळतो. ‘काहीतरी चांगले दाखवा’ म्हटले की तो त्या वर्षी सर्वाधिक खपलेले पुस्तक पुढे करतो आणि त्यात त्याचा दोषही नसतो.

खर्चाची मर्यादा घरूनच ठरवून निघावे आणि ठरवलेल्या रकमेचे तीन वाटे करावेत. समजा, तीन हजार रुपये खर्च करायचे आहेत, तर हजार रुपये यादीतील पुस्तकांसाठी, हजार रुपये केवळ तिथे नव्याने भेटलेल्या पुस्तकांसाठी आणि उरलेले हजार दुसऱ्या भेटीसाठी बाजूला ठेवावेत. मोठ्या ग्रंथसंचांसाठी मराठीत प्रकाशनपूर्व सवलतीची जुनी पद्धत आहे. तशा योजनेत आपण आधीच नाव नोंदवले असेल तर पावतीचे छायाचित्र जवळ असावे, कारण त्या प्रकाशकाच्या दालनावर संच तिथल्या तिथे ताब्यात घेता येतो का, हे विचारता येते.

कधी जावे आणि बरोबर काय न्यावे

शक्य असेल तर दोनदा जावे: एकदा आठवड्याच्या मधल्या दिवशी सकाळी दालने उघडताच, आणि दुसऱ्यांदा महोत्सवाच्या उत्तरार्धात एखाद्या संध्याकाळी. पहिल्या दिवशी अनेक दालनांत खोकी फोडण्याचेच काम चालू असते. शेवटच्या दिवशी सवलत वाढते या समजुतीने मोठी गर्दी लोटते. सवलत काही ठिकाणी वाढतेही, परंतु ज्यांच्या मोजक्याच प्रती आणलेल्या असतात अशी छोट्या प्रकाशकांची पुस्तके तोवर संपलेली असतात. रविवारची संध्याकाळ कार्यक्रम ऐकायला आणि माणसे भेटायला चांगली असते, पुस्तके चाळायला मात्र नाही.

पुण्यात फर्ग्युसन रस्त्यावर स्वतःचे वाहन घेऊन जाणे टाळावे. मेट्रोने डेक्कन जिमखाना स्थानकावर उतरून चालत जाणे सोपे पडते आणि वाहन लावायला जागा शोधण्यात जाणारा वेळ वाचतो. खांद्याला अडकवायच्या दोन जाड कापडी पिशव्या, पाण्याची बाटली, एक पेन्सिल, खिशात मावेल अशी वही आणि काही रोख रक्कम एवढे बरोबर असावे. एकाच मैदानात हजारो मोबाइल चालू असताना नेटवर्क रखडते, पैसे पाठवल्याचा संदेश येत नाही आणि मागे रांग वाढत जाते. अशा वेळी पाचशेची नोट दोघांचेही काम सोपे करते. चष्मा लागत असेल तर वाचनाचा चष्मा विसरू नये, कारण मुखपृष्ठे चष्म्यावाचून दिसतात, अनुक्रमणिका दिसत नाही.

पहिली फेरी मोकळ्या हातांनी

प्रवेशद्वाराजवळ दालनांचा नकाशा लावलेला असतो, त्याचे छायाचित्र घ्यावे आणि पहिली फेरी काहीही विकत न घेता पूर्ण करावी. ही सूचना पाळणे अवघड आहे, पण हातात पाच किलो वजन आले की नंतरची पन्नास दालने माणूस नुसती ओलांडत जातो. आवडलेल्या पुस्तकाचे नाव आणि दालनाचा क्रमांक वहीत लिहून पुढे चालावे.

फेरीचा क्रमही विचारपूर्वक ठरवावा. नामांकित मोठ्या प्रकाशकांची पुस्तके पुण्यातील अप्पा बळवंत चौकात, मुंबईत दादरला आणि बहुतेक जिल्ह्यांच्या ठिकाणी वर्षभर मिळतात, म्हणून त्यांची दालने शेवटी ठेवली तरी चालतात. आधी जावे ते शासकीय संस्था, विद्यापीठे, संशोधन संस्था, चळवळींशी जोडलेली प्रकाशने आणि दोन-तीन माणसांनी चालवलेले छोटे प्रकाशक यांच्याकडे, कारण त्यांची पुस्तके एरवी दुकानांत क्वचितच मांडलेली दिसतात. साहित्य अकादमीच्या दालनावर ‘भारतीय साहित्याचे निर्माते’ या मालिकेतील छोटेखानी पुस्तके असतात. एखाद्या कन्नड, बंगाली किंवा उर्दू लेखकाची ओळख करून घेण्यासाठी त्याहून सुटसुटीत साधन मला माहीत नाही. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची स्थापना १९६० मध्ये तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या अध्यक्षतेखाली झाली, आणि तेव्हापासून खाजगी प्रकाशकाला परवडणार नाहीत असे कोश, अनुवाद आणि संशोधनग्रंथ मंडळ कमी किमतीत काढत आले आहे. हे ग्रंथ दिसायला साधे असतात, मुखपृष्ठावर आकर्षक चित्र नसते, त्यामुळे गर्दी त्यांच्यासमोरून पुढे सरकते. आपण तिथे थांबावे.

उभ्या मांडलेल्या पुस्तकांकडे, म्हणजे ज्यांचा केवळ कणा दिसतो त्यांच्याकडे, जास्त वेळ द्यावा. टेबलावर आडवी आणि गठ्ठ्याने रचलेली पुस्तके नवी किंवा खपाची असतात, तर प्रकाशकाची वीस-तीस वर्षांची कमाई मागच्या फळीवर उभी असते. आपल्याला अनोळखी असलेली पुस्तके बहुतेक करून तिथेच सापडतात.

दालनावरील माणसाशी बोलावे

छोट्या दालनावर अनेकदा प्रकाशक स्वतः, त्यांचे कुटुंबीय किंवा पंचवीस-तीस वर्षे त्याच कामात असलेले विक्रेते बसलेले असतात. त्यांना कोणते पुस्तक कोणत्या खोक्यात आहे हेच नव्हे, तर कोणते पुस्तक कोणी आणि का विकत घेतले हेही आठवत असते. काही वर्षांपूर्वी एका प्रदर्शनात मी विहिरी आणि पाटपाणी यांविषयी काही आहे का, असे एका वयस्कर विक्रेत्याला विचारले. त्यांनी फळीकडे पाहिलेही नाही. खाली वाकून टेबलाच्या झालरीआडून एक खोके ओढले, वरची सात-आठ पुस्तके मांडीवर ठेवली आणि तळातून करड्या पुठ्ठ्याचे एक पातळ पुस्तक काढून फुंकर मारून माझ्या हातात दिले. “दोनच उरलीत. मांडून उपयोग नाही, कोणी विचारत नाही,” असे ते म्हणाले. फड पद्धतीच्या, म्हणजे बंधाऱ्याचे पाणी शेतकऱ्यांनी मिळून वाटून घेण्याच्या, सिंचनावरील ते पुस्तक मला कोणत्याही संकेतस्थळावर सापडले नसते, कारण ‘फड’ हा शब्द त्या अर्थाने मला तोवर ठाऊकच नव्हता.

म्हणून गर्दी कमी असेल त्या वेळी तीन प्रश्न अवश्य विचारावेत: या विषयावर तुमच्याकडे जुने काही आहे का, तुमच्या यादीतील तुम्हाला स्वतःला आवडलेले पुस्तक कोणते, आणि संपलेल्यांपैकी कशाची नवी आवृत्ती निघणार आहे. निघताना त्यांचे सूचीपत्र मागून घ्यावे. छापील सूचीपत्रे आता कमी झाली आहेत, तरी काही प्रकाशक ती अजून आवर्जून काढतात, आणि रात्री घरी बसून सूचीपत्र वाचणे हा महोत्सवाचाच एक भाग आहे. दुसऱ्या भेटीची यादी त्यातूनच तयार होते.

पुस्तक पारखून कसे घ्यावे

दुसऱ्या फेरीत खरेदी करताना प्रत्येक पुस्तकाला किमान चार मिनिटे द्यावीत. मलपृष्ठावरील मजकूर विक्रीसाठी लिहिलेला असतो, म्हणून तो शेवटी वाचावा. आधी अनुक्रमणिका पाहावी, मग प्रस्तावनेतील किंवा मनोगतातील एक परिच्छेद वाचावा आणि त्यानंतर पुस्तक मधोमध उघडून एक सबंध पान वाचावे. पहिले पान प्रत्येक लेखक घोटून घोटून लिहितो. लेखणीची खरी चाल मधल्या पानावर कळते. वैचारिक किंवा ऐतिहासिक पुस्तक असेल तर शेवटी संदर्भसूची आणि नामसूची आहे का, हे पाहावे. कवितासंग्रहातील कोणत्याही तीन कविता उभ्या उभ्या मनात वाचून पाहिल्यावर निर्णय आपोआप होतो.

त्यानंतर मुखपृष्ठानंतरचे ते पान वाचावे ज्यावर प्रकाशकाचा पत्ता, आवृत्तीची माहिती आणि हक्कांचा तपशील असतो. ‘पुनर्मुद्रण’ म्हणजे जुनाच मजकूर पुन्हा छापलेला, आणि ‘सुधारित आवृत्ती’ म्हणजे लेखकाने किंवा संपादकाने त्यात बदल केलेला. कायदा, आरोग्य, शेती, संगणक अशा विषयांच्या पुस्तकांत हा फरक फार महत्त्वाचा ठरतो. अनुवाद असेल तर तो मूळ भाषेवरून केलेला आहे की इंग्रजीवरून, आणि अनुवादकाचे नाव स्पष्ट छापले आहे का, हेही त्याच पानावर कळते. अनुवादकाचे नाव ज्या पुस्तकावर शोधावे लागते, ते मी सहसा घेत नाही.

जुन्या, हक्कमुक्त पुस्तकांच्या बाबतीत विशेष काळजी घ्यावी. भारतीय कायद्यानुसार लेखकाच्या निधनानंतर साठ वर्षांनी त्याचे साहित्य हक्कमुक्त होते आणि ही साठ वर्षे पुढील वर्षाच्या १ जानेवारीपासून मोजली जातात. साने गुरुजींचे निधन १९५० मध्ये झाले, त्यामुळे त्यांचे लेखन २०११ च्या आरंभापासून कोणालाही छापता येते, आणि म्हणूनच एकाच महोत्सवात त्यांचे एकच पुस्तक चार-पाच प्रकाशकांकडे वेगवेगळ्या किमतींना दिसते. या प्रतींपैकी काही संक्षिप्त असतात, काहींत मुद्रणदोषांची रेलचेल असते आणि काहींत लेखकाची मूळ प्रस्तावनाच गाळलेली असते. दोन प्रती शेजारी ठेवून एकच प्रकरण ताडून पाहावे, आणि वीस-तीस रुपये जास्त पडले तरी निगुतीने छापलेली प्रत घ्यावी, विशेषतः ती मुलांच्या हातात जाणार असेल तर.

आता बांधणी. मराठी पुस्तके बहुतेक सोळा पानी फर्म्यांत छापली जातात, म्हणजे मोठ्या कागदावर छपाई करून, त्याची घडी घालून सोळा पानांचा एक जुडगा तयार होतो आणि असे जुडगे एकावर एक रचून पुस्तक बांधले जाते. बांधणाऱ्याकडून एखादा फर्मा सुटला तर सलग सोळा पाने गायब होतात, किंवा एकच फर्मा दोनदा येतो. मी एकदा एका महोत्सवातून बरेच दिवस शोधत असलेले आत्मचरित्र मोठ्या आनंदाने घरी आणले. आठवड्याने वाचायला घेतले तेव्हा ११२ व्या पानानंतर थेट १२९ वे पान आले. महोत्सव संपला होता, पावती मी घेतली नव्हती आणि पुढची आवृत्ती निघायला तीन वर्षे लागली. तेव्हापासून पैसे देण्याआधी पुस्तकाचा कणा डाव्या हातात धरून उजव्या अंगठ्याने पानांची कड सोडत नेण्याची आणि दर सोळा पानांच्या सांध्यावर पृष्ठक्रमांक पाहण्याची सवय मी लावून घेतली आहे. याला अर्धे मिनिटही लागत नाही. पुस्तक वरून पाहिले असता कण्याजवळ घड्यांच्या लहान लहान कमानी दिसल्या आणि फर्म्याच्या मधोमध दोरा दिसला तर ते शिवलेले आहे असे समजावे. कमानी न दिसता कापलेल्या कागदांवर सरळ डिंकाचा थर दिसला तर ते केवळ चिकटवलेले आहे. वारंवार उघडायचे कोश आणि संदर्भग्रंथ शिवलेलेच घ्यावेत.

पावती न विसरता घ्यावी. छापील पुस्तकांवर वस्तू व सेवा कर लागत नाही, त्यामुळे छापील किंमत वजा सवलत एवढीच रक्कम तिच्यावर असायला हवी.

मुलांना बरोबर नेताना

मुलांच्या हातात ठरावीक रक्कम द्यावी आणि त्यांनी निवडलेले पुस्तक बदलायला लावू नये, एवढी एकच सूचना मला महत्त्वाची वाटते. आपल्याला जे पुस्तक सामान्य वाटते ते त्यांनी स्वतः निवडलेले असते, म्हणून ते घरी गेल्यावर उघडले जाते. ज्योत्स्ना प्रकाशन आणि नॅशनल बुक ट्रस्ट यांच्या दालनांवर चित्रांचा दर्जा चांगला आणि किंमत आवाक्यातील अशी बालपुस्तके मिळतात, तिथून सुरुवात करावी. दीड तासापेक्षा जास्त वेळ मुलांना फिरवू नये.

कार्यक्रम, स्वाक्षरी आणि संमेलनाचा वेगळा बाज

प्रत्यक्ष गेल्यावर दिवसभरात दोनच कार्यक्रम निवडावेत. निवडताना निकष हा ठेवावा की जे प्रक्षेपणातून पोहोचत नाही ते समोर बसून ऐकायचे. कविसंमेलन, अभिवाचन, लोककलेचे सादरीकरण आणि श्रोत्यांच्या प्रश्नांना बराच वेळ राखून ठेवलेली प्रकट मुलाखत यांसाठी मांडवात बसावे. परिसंवाद मात्र घरी रेकॉर्डिंगमधून जास्त चांगले ऐकता येतात, कारण पाच वक्त्यांपैकी ज्यांचा विषय आपला आहे त्या दोघांचे बोलणे नेमके काढून ऐकता येते.

लेखकाची स्वाक्षरी घेताना आपले नाव कागदावर लिहून पुढे करावे, म्हणजे अक्षरे विचारण्यात वेळ जात नाही, आणि मागे रांग असेल तर पुस्तकाविषयी एकच नेमके वाक्य बोलावे. ‘तुमचे सगळे लेखन वाचले आहे’ यापेक्षा ‘अमुक प्रकरणातील नदीचे वर्णन वाचून मी ती पाहायला गेलो’ हे ऐकून लेखक मान वर करून पाहतो.

साहित्य संमेलनाची रीत पुस्तक महोत्सवाहून वेगळी आहे. १८७८ मध्ये न्यायमूर्ती रानडे यांच्या पुढाकाराने पुण्यात भरलेल्या ग्रंथकारांच्या मेळाव्यापासून ही परंपरा मोजली जाते. तिथे पुस्तकविक्री हा उत्सवाचा एक भाग असतो. ग्रंथदिंडी, अध्यक्षीय भाषण, निमंत्रितांचे कविसंमेलन, कविकट्टा आणि प्रकाशनकट्टा यांची स्वतंत्र लय असते. ग्रंथप्रदर्शन पुष्कळदा मुख्य मांडवापासून चालत जाण्याच्या अंतरावर असते, म्हणून उद्घाटनाचा सोहळा चालू असताना, जेव्हा सगळी गर्दी मुख्य मांडवात असते, तेव्हा ग्रंथप्रदर्शन निवांत पाहून घ्यावे. कविकट्ट्यावर मात्र अवश्य बसावे. गावोगावहून स्वखर्चाने आलेले कवी तिथे आपली पाळी येईपर्यंत तासन् तास थांबतात, आणि त्यांच्यात दर वेळी दोन-तीन आवाज असे निघतात की ते नाव आपण वहीत लिहून ठेवतो.

परगावाहून आलेल्यांना परतीचे ओझे जड जाते. दोनशे पानांचे नेहमीच्या (डेमी) आकाराचे एक पुस्तक साधारण पाव किलोचे धरले तरी वीस पुस्तकांचे पाच किलो होतात. भारतीय टपाल खात्याने १ मे २०२५ पासून ‘ज्ञान पोस्ट’ ही सेवा सुरू केली असून तिच्यातून पाठ्यपुस्तके तसेच सामाजिक, सांस्कृतिक आणि धार्मिक विषयांची पुस्तके पाठवता येतात. सेवा सुरू झाली तेव्हा ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये आणि ५ किलोपर्यंत १०० रुपये, अधिक कर, असे तिचे दर ठेवण्यात आले होते. ही पाकिटे जमिनीवरील मार्गाने जात असल्यामुळे वेळ लागतो, पण रेल्वेच्या डब्यात गठ्ठे सांभाळत बसण्यापेक्षा ते सोयीचे आहे. पाकिटात घालण्यापूर्वी पुस्तके प्लॅस्टिकमध्ये गुंडाळावीत आणि चारही कोपऱ्यांना पुठ्ठ्याचे तुकडे लावावेत.

घरबसल्या सहभाग

ज्यांना जाणे जमत नाही, मग ते प्रकृतीमुळे असो, नोकरीमुळे असो किंवा परदेशी वास्तव्यामुळे, त्यांनी ऑनलाइन सहभाग दुय्यम मानण्याचे कारण नाही. २०२० नंतर महासाथीच्या काळात मोठमोठे महोत्सव पडद्यावर आले; २००६ मध्ये सुरू झालेला जयपूरचा महोत्सव २०२१ मध्ये संपूर्णपणे ऑनलाइन झाला. त्याची शेकडो सत्रे यूट्यूबवर विनामूल्य उपलब्ध आहेत. वेल्समधील हे-ऑन-वाय या छोट्या गावी १९८८ पासून भरणारा ‘हे’ (Hay) महोत्सव आणि १९८३ पासूनचा एडिंबराचा पुस्तक महोत्सव यांचीही सत्रे घरून पाहता येतात, काही विनामूल्य आणि काही शुल्क भरून.

वेळेचे गणित आधी मांडावे. ‘हे’ महोत्सव मे-जूनमध्ये आणि एडिंबराचा ऑगस्टमध्ये असतो. ब्रिटनमध्ये तेव्हा उन्हाळी वेळ चालू असल्यामुळे आपण त्यांच्या साडेचार तास पुढे असतो, म्हणजे तिथले संध्याकाळी सातचे सत्र आपल्याकडे रात्री साडेअकराला सुरू होते. उलट, हिवाळ्यात महाराष्ट्रातील संध्याकाळी सहाचा कार्यक्रम न्यूयॉर्कमधील मराठी वाचकाला सकाळी साडेसातला आणि लंडनमधील वाचकाला दुपारी साडेबाराला पाहता येतो. थेट प्रक्षेपण पाहायचे ते प्रश्न विचारायची इच्छा असेल तरच, अन्यथा रेकॉर्डिंग सोयीचे.

रेकॉर्डिंग ऐकण्याची एक पद्धत मी पाळतो. आधी वक्त्याचे एखादे लेखन, निदान एक लेख, वाचतो. वही उघडून बसतो आणि लक्षात राहावे असे वाक्य आले की शेजारी मिनिट लिहितो, उदाहरणार्थ ‘२३:४० ललित आणि वार्तांकन यांतील सीमारेषा’. भाषणे सव्वापट गतीने ऐकली तरी चालतात, पण कविता आणि अभिवाचन मूळ गतीनेच ऐकावे, कारण तिथे दोन ओळींमधील थांबा हाही मजकूरच असतो. एका बैठकीत एकच सत्र ऐकावे. सलग चार सत्रे पाहिली की दुसऱ्या दिवशी चारही वक्ते एकमेकांत मिसळून जातात. शक्य झाल्यास तीन-चार स्नेह्यांनी आठवडाभरात एक सत्र आपापल्या घरी ऐकावे आणि रविवारी फोनवर किंवा व्हिडिओ कॉलवर तासभर त्यावर बोलावे. घरबसल्या ऐकण्यात जो एकटेपणा असतो तो त्याने बराच कमी होतो.

सुरुवात कुठून करावी असे विचारले तर मी संमेलनाध्यक्षांचे भाषण सुचवेन. फेब्रुवारी २०२५ मध्ये दिल्लीत झालेल्या ९८ व्या संमेलनाच्या अध्यक्षा डॉ. तारा भवाळकर होत्या. लोकसाहित्य आणि स्त्रियांच्या मौखिक परंपरा यांत आयुष्य घालवलेल्या अभ्यासक व्यक्तीला सलग ऐकण्याची अशी संधी एरवी फार कमी मिळते. बातम्यांतून अशा भाषणातील एखादेच वाक्य पोहोचते आणि वाद त्याच वाक्याभोवती फिरत राहतो, म्हणून भाषण सलग ऐकावे किंवा छापील प्रत मिळवून वाचावे.

ऑनलाइन महोत्सवात पुस्तके चाळण्याची उणीव अंशतः भरून काढता येते. साहित्य आणि संस्कृती मंडळाची अनेक पुस्तके त्यांच्या संकेतस्थळावर विनामूल्य उतरवून घेता येतात, राज्य मराठी विकास संस्थेने अनेक दुर्मीळ मराठी ग्रंथ संगणकीकृत करून खुले केले आहेत आणि मराठी विश्वकोशातील नोंदी कोणालाही वाचता येतात. मुले आणि तरुण यांच्यासाठी राष्ट्रीय ई-पुस्तकालय आहे, त्याचे मोबाइल अ‍ॅपही मिळते. एखादे सत्र ऐकून विषय आवडला की लगेच खरेदीकडे न वळता आधी इथे तासभर घालवावा. त्या विषयावरील जुने लेखन सापडते आणि मग नवे पुस्तक घ्यायचे की नाही हे नीट ठरवता येते. महोत्सवाच्या दिवसांत समाजमाध्यमांच्या गटांवर गाजत असलेल्या पुस्तकांच्या पीडीएफ प्रती फिरू लागतात, त्या उघडूही नयेत आणि पुढे तर मुळीच पाठवू नयेत. हजार प्रतींची आवृत्ती काढणाऱ्या छोट्या प्रकाशकाची शंभर गिऱ्हाइके अशी गेली तर पुढचे पुस्तक निघत नाही.

ऑनलाइन मागवताना नावाऐवजी आयएसबीएन क्रमांकाने, म्हणजे पुस्तकावर छापलेल्या आंतरराष्ट्रीय ओळखक्रमांकाने, शोधावे. हा तेरा आकडी क्रमांक भारतीय पुस्तकांवर सहसा ९७८-८१ किंवा ९७८-९३ असा सुरू होतो आणि आवृत्ती बदलली की बहुधा बदलतो, त्यामुळे हवी तीच आवृत्ती मिळते. मैदानावर जे पुस्तक आवडूनही घेता आले नाही, त्याचे मुखपृष्ठ आणि हक्कांचे पान अशी दोन छायाचित्रे घेऊन ठेवली की हे काम घरी सोपे होते. मात्र छोट्या प्रकाशकाच्या दालनावर अर्धा तास पुस्तक चाळून, त्याच्याकडे प्रत उपलब्ध असताना, चाळीस रुपये वाचवण्यासाठी ते दुसरीकडून मागवू नये. त्याने जागेचे भाडे, प्रवास आणि राहणे यांचा खर्च आपल्याला ते पुस्तक हाताळता यावे म्हणूनच केलेला असतो.

महोत्सव संपल्यावर

घरी आल्यावर त्याच दिवशी प्रत्येक पुस्तकाच्या पहिल्या कोऱ्या पानावर पेन्सिलीने तारीख, स्थळ आणि ते घेण्याचे कारण लिहावे. ‘पुणे, डिसेंबर २०२५, विक्रेत्याने सांगितले म्हणून’ एवढी ओळ पुरते. नवी पुस्तके कपाटात लगेच न लावता महिनाभर डोळ्यांसमोर टेबलावर ठेवावीत आणि त्यांपैकी सर्वांत अनोळखी पुस्तक आधी वाचायला घ्यावे, कारण ओळखीच्या लेखकाचे पुस्तक आपण कधीतरी वाचतोच, अनोळखी मागे पडले की राहून जाते.

पुढच्या हंगामापर्यंत थांबवत नसेल तर पाचगणी-महाबळेश्वर रस्त्याजवळील भिलारला जाऊन यावे. पुस्तकांच्या दुकानांसाठी प्रसिद्ध असलेल्या हे-ऑन-वायच्या धर्तीवर राज्य मराठी विकास संस्थेने ४ मे २०१७ रोजी तिथे ‘पुस्तकांचं गाव’ सुरू केले. गावातील घराघरांत कथा, कविता, चरित्र, संतसाहित्य असे एकेका प्रकाराचे दालन आहे आणि कोणीही बसून कितीही वेळ वाचावे, अशी मुभा आहे. पावसाळा सोडून एखाद्या आडवारी सकाळी पोहोचावे, हव्या त्या विषयाच्या घराची चौकशी करावी आणि ओसरीवर बसून दुपारपर्यंत एकच पुस्तक वाचावे.